मदत हवी आहे: कडुनिंबाच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण, पण द्रावण तपकिरी न होता दुधट होतंय

कृती अशी: कडुनिंबाची १० ग्रॅम ताजी पानं नळाखाली धुतली, चिरून १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात ८० अंश सेल्सिअसला १५ मिनिटं ठेवली आणि गार झाल्यावर व्हॉटमन १ नंबरच्या कागदातून गाळली. ९० मिली सिल्व्हर नायट्रेटमध्ये (१ मिलिमोलर, म्हणजे १०० मिलीत १७ मिलिग्रॅम) १० मिली अर्क घातला. अर्क पडताक्षणी द्रावण दुधट होतं, खिडकीजवळ करडं-जांभळट होत जातं आणि तळाशी साका बसतो. यूव्ही-व्हिजिबल वर्णपटात (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख) ४०० ते ४५० नॅनोमीटरला चांदीच्या नॅनोकणांचं शिखर नाही, नुसता उतार दिसतो. क्षपण करणारे (चांदीच्या आयनांची धातुरूप चांदी करणारे) अर्कातले घटक कमी पडतायत का? अर्क वाढवू का?

प्रतिसाद १
अर्क वाढवू नका, त्याने बहुधा गढूळपणाच वाढेल. लगेच दुधट होणं आणि उजेडात जांभळट पडणं ही सिल्व्हर क्लोराइडची खूण आहे. लिटरमागे ३५.५ मिलिग्रॅम क्लोराइड म्हणजेच १ मिलिमोलर, त्यामुळे नळाच्या पाण्याचा थोडा अंशही तुमची बरीच चांदी खाऊन टाकतो.

खात्री करायची तर ताज्या दुधट द्रावणाचा १ मिली घेऊन त्यात विरळ अमोनियाचे थेंब टाका. निवळलं तर क्लोराइडच. करडं पडलेलं द्रावण घेऊ नका, सुटी झालेली चांदी अमोनियात विरघळत नाही. आणि हे मिश्रण अजिबात साठवू नका. त्यात कालांतराने स्फोटक संयुग तयार होऊ शकतं, म्हणून चाचणी झाली की तिथल्या तिथे विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल घालून आम्लधर्मी करा.

मग उगम शोधा. डिस्टिल्ड पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून काळ्या पार्श्वभूमीवर बघा. काचसामान हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलं असेल तर विरळ नायट्रिक आम्ल आणि भरपूर डिस्टिल्ड पाणी वापरून पुन्हा धुवा. पानांचं शेवटचं धुणंही डिस्टिल्ड पाण्यातच, दोन-तीनदा.

प्रतिसाद २
त्याच प्रमाणात अर्क आणि नुसतं पाणी असा एक नियंत्रण नमुना शेजारी ठेवाच. पॉलिफेनॉल या वनस्पतिजन्य संयुगांचं हवेत ऑक्सिडीकरण होऊन अर्क आपोआप तपकिरी होतो आणि त्यालाच नॅनोकण समजण्याची चूक फार होते. वर्णपटाची बेसलाइनही (तुलनेची शून्य पातळी) पाण्यावर न घेता त्याच विरलतेच्या अर्कावर घ्या.

प्रश्नकर्ता
अमोनियाने निवळलं. काचसामान हायड्रोक्लोरिक आम्लानेच धुतलं जात होतं. ते बदलल्यावर द्रावण पिवळसर तपकिरी झालं, शिखर ४२८ ला आलं. पण दुसऱ्या दिवशी ते ४५५ वर गेलंय आणि रुंद झालंय. किंचित गढूळपणा अजून आहेच.

प्रतिसाद १
उरलेला गढूळपणा पानातल्याच क्लोराइडचा असू शकतो. अर्क १० ऐवजी ५ मिली घ्या, क्लोराइड निम्मं होईल. क्षपण मंदावेल, त्यासाठी अर्काचा सामू (पीएच) विरळ सोडियम हायड्रॉक्साइडने ८ ते ९ वर न्या. सामू कमी असला की क्रिया रेंगाळते आणि कण मोठे होतात. पण थेंबाथेंबाने आणि ढवळत, शिवाय हायड्रॉक्साइड थेट नायट्रेटमध्ये कधीही नको, सिल्व्हर ऑक्साइडचा तपकिरी साका पडतो आणि तो रंग पुन्हा फसवतो.

शिखर उजवीकडे सरकून रुंद झालं म्हणजे कण वाढतायत किंवा एकमेकांना चिकटतायत. क्रिया अंधारात चालू द्या, दर अर्ध्या तासाने वर्णपट घ्या. शिखराची उंची स्थिर झाली की १२,००० आरपीएमला २० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी काढून डिस्टिल्ड पाण्यात पुन्हा विखुरा. हे दोनदा पुरे. जास्त धुतलं तर कणांभोवतीचं वनस्पतिजन्य आवरणही निघून जातं आणि गोळा फुटत नाही.

प्रतिसाद २
सलाइन किंवा फॉस्फेट बफर्ड सलाइनमध्ये (पीबीएस) विरळ करू नका, तिथेही क्लोराइड आहे. जिवाणूंवर चाचणी करणार असाल तर धुतलेल्या कणांसोबत नुसता अर्क आणि तेवढ्याच चांदीचं सिल्व्हर नायट्रेट असे दोन नमुने हवेतच, नाहीतर परिणाम कणांचा की उरलेल्या आयनांचा ते ठरवता येणार नाही. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तन, स्फटिक ओळखण्याची चाचणी) ३८.१ आणि ४४.३ अंशांना चांदी दिसेल (कॉपर के-अल्फा क्ष-किरण वापरल्यास), ३२.२ ला ठळक रेषा आली तर क्लोराइड अजून आत आहे.