वाढवणच्या करारांत सायबर सुरक्षेचं कलम कोण घालणार?

खाडीकाठ
पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये उरकलं. खर्च ७६ हजार कोटींच्या वर, कंटेनर टर्मिनलं नऊ. ती चालवायला परदेशी कंपन्याही येतील आणि असे करार सहसा तीस वर्षांचे असतात. मच्छीमारांच्या प्रश्नावर वाद झडतोय, झडायलाच हवा. संगणकांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.

२७ जून २०१७ आठवा. नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला, मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत घुसला आणि न्हावाशेव्यातलं त्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. भांडण रशिया-युक्रेनचं, ट्रेलर अडकले उरणला. सायबर हल्ला झाला की सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवायचा नियम २०२२ पासून आहे. पण घुसखोरी कोपनहेगनच्या सर्व्हरवर झाली तर ते घड्याळ कधी सुरू होणार? म्हणून मुख्यालयाने थेट आपल्याला कळवायचं, आपल्या आणि कंपनीच्या देशाच्या अशा यंत्रणांनी वर्षातून एकदा एकत्र सराव करायचा, हे करारातच हवं.

गनिमी
साफ असहमत. महत्त्वाच्या पायाभूत सेवांवर सायबर हल्ले करायचे नाहीत, असं २०१५ मध्ये युनोच्या तज्ज्ञगटात ठरलं, त्यात रशियाही होता. त्याच डिसेंबरात युक्रेनच्या तीन वीज कंपन्यांवर हल्ला होऊन सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. अमेरिकेने पुढे रशियन लष्करी गुप्तचरांवर आरोपपत्र ठेवलं. पकडलं कुणाला? कागद कागदच राहतो. सॉफ्टवेअर आपलं, क्रेन आपल्या, बाकी गप्पा. चिनी क्रेनची धास्ती खुद्द अमेरिकेने घेतलीय.

खाडीकाठ
युनोचा ठराव बंधनकारक नव्हता. मी दंडासकट कराराबद्दल बोलतोय. आणि स्वदेशीचं म्हणाल तर युक्रेनचं ते हिशेबाचं सॉफ्टवेअर युक्रेनचंच होतं की हो!

यार्डातला_माणूस
तुमचं चालू द्या. युक्रेनची वीज काही तासांत परत आली, कारण कर्मचारी सबस्टेशनवर गेले आणि ब्रेकर हाताने टाकले. जुनी यंत्रणा होती म्हणून निभावलं. आता टर्मिनलवर या. आयातीचा डबा, म्हणजे कंटेनर, पाच थरांच्या चळतीत तळाला, वर दुसऱ्यांचे चार. कुठल्या ओळीत, कितव्या थरात, हे फक्त सिस्टीमला ठाऊक. सिस्टीम गेली की क्रेन चालू असूनही डबा सापडत नाही. दर पाळीला यार्डाचा नकाशा कागदावर छापून ठेवा, एवढी सक्ती केलीत तरी निम्मं काम होईल. मर्स्कचा एक महत्त्वाचा सर्व्हर वाचला तो घानातल्या ऑफिसात वीज गेली होती म्हणून. दैव!

चावडीवाला
सहकार्य परदेशाशी म्हणे. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. राज्य सरकारने सायबर घातपाताचा संशय बोलून दाखवला, केंद्राचे ऊर्जामंत्री म्हणाले मानवी चूक. चिनी हॅकरांचं नाव आलं ते एका अमेरिकन खासगी कंपनीच्या अहवालातून. घरातच एकवाक्यता नाही, मग डेन्मार्कला काय सांगणार? शिवाय कुठली कंपनी आपण होऊन सांगेल की आमच्यात शिरलेत? शेअर पडतो ना.

खाडीकाठ
@चावडीवाला, शेअर पडतो म्हणूनच दंड हवा. लपवण्यापेक्षा सांगणं स्वस्त पडलं पाहिजे. @यार्डातला_माणूस, कागदी नकाशाला +१, तोही करारात घाला.

गनिमी
दोन्ही देशांचा एकत्र सराव म्हणता, म्हणजे माहितीची देवाणघेवाण दुतर्फा, आपले लॉगही (संगणकांतल्या नोंदी) त्यांच्याकडे जाणार. कुठल्या डब्यात संरक्षण खात्याचा माल आहे हे परक्या सरकारला आयतं कळलं तर?

खाडीकाठ
द्यायच्या त्या घुसखोरीच्या खुणा: व्हायरसच्या फाइलची ओळख, तो ज्या सर्व्हरशी बोलतो त्याचा पत्ता. मालाची यादी कशाला द्यायची?

गनिमी
आणि लॉगमधून खुणा वेगळ्या काढणारा माणूस पगारावर कुणाच्या? बंदराच्या की त्या कंपनीच्या?

यार्डातला_माणूस
बंदराच्या. आणि त्याची खुर्ची यार्डाच्या कंट्रोल रूममध्येच हवी, दिल्लीत नको.