खांद्यात बाण लागल्यावर चौथ्या दिवशी लढाई: पटेल का?

शाईचा_डाग: माझ्या कादंबरीत सेनापतीण बाईंच्या डाव्या खांद्यात बाण घुसतो. जादू आहे, पण जखमा बऱ्या करणारी नाही. बाण उपटून, पट्टी बांधून चौथ्या दिवशी तिला गडावर चढवायचंय. डॉक्टर मंडळी ओरडतील का?

रात्रपाळी: डॉक्टर नाही, सर्जिकल वॉर्डातली नर्स आहे, ओरडते तरीही. खांदा म्हणजे बिनधोक जागा, हे लेखकांना कुणी सांगितलं कोण जाणे! कॉलरबोनच्या मागून हाताची मुख्य रोहिणी जाते, तिला चिकटून हाताच्या नसांचा (म्हणजे मज्जातंतूंचा) जुडगा, आणि फुफ्फुसाचं टोक तर त्या हाडाच्याही वर येतं. बोटभर इकडेतिकडे झालं की बाई दम लागून जातील.

आणि उपटायचा नाही हो! काडी हातात येते, पातं आत राहतं. १४०३ साली श्रूजबरीच्या लढाईत इंग्लंडच्या राजपुत्र हेन्रीच्या चेहऱ्यात बाण घुसला तेव्हा हेच झालं. जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्याने मधात भिजवलेल्या कापडी वाती घालून जखम हळूहळू रुंद केली, मग खास बनवलेला, स्क्रूने फाकणारा चिमटा पात्याच्या पोकळीत अडकवून ते बाहेर काढलं. मग वाइनने धुणं, पुढे कितीतरी दिवस वाती बदलणं. तुमच्या वैद्याला हे करू द्या की, अख्खं प्रकरण होईल.

चौथा दिवस तर सगळ्यात वाईट निवडलात. जखम चिघळायची तर तेव्हाच चिघळते: लाली, वास, हुडहुडी भरून ताप.

धूमकेतू७: डोक्यात दंडुका घालून पहारेकऱ्याला तासभर झोपवणाऱ्यांनाही समज द्या. इतका वेळ बेशुद्ध म्हणजे मेंदूला मार. तो उठून पाठलाग करणार नाही.

शाईचा_डाग: बापरे. पण गड तर घ्यायचाच आहे. पातं मांडीत घातलं तर?

रात्रपाळी: मांडीतली रोहिणी फुटली तर काही मिनिटांत खेळ खलास. खांदाच ठेवा, चढाई महिनाभर पुढे ढकला. नस दुखावलीय असं दाखवा: मनगट लोंबतं, ढाल पेलत नाही. नस भरून येते दिवसाला साधारण १ मिलिमीटर, तीही आली तर. खांद्यापासून बोटांपर्यंतचा हिशेब तुम्हीच करा. गड ती उजव्या हाताने घेईल. ढाल दंडाला बांधायला कुणीतरी लागेल, ते पात्र आहे का तुमच्याकडे?

शाईचा_डाग: होतं. तिसऱ्या प्रकरणात मारलंय. परत जिवंत करतो.