झोटेरो आणि एपीए ७: शीर्षकांत नको तिथे कॅपिटल अक्षरं

प्रश्न: झोटेरो (संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरून एपीए ७ (संदर्भ लिहिण्याची शैली) मध्ये केलेल्या संदर्भसूचीत काही इंग्रजी शीर्षकांचा प्रत्येक शब्द कॅपिटलने सुरू होतोय. स्टाइल बदलूनही तेच. काय करावं?

उत्तर १: दोष स्टाइलचा नाही, नोंदीचा. झोटेरो सेन्टेन्स केसचं (एपीएला हवं ते, वाक्यासारखं: पहिला शब्द नि विशेषनामं कॅपिटलने) टायटल केस (मुख्य शब्द कॅपिटलने) आपोआप करतो, उलटं नाही. शीर्षकाच्या रकान्यावर राइट-क्लिक, ‘ट्रान्सफॉर्म टेक्स्ट’, ‘सेन्टेन्स केस’. विशेषनामं नि संक्षेप डोळ्यांनीच तपासा, तिथे यंत्राचा भरवसा नाही. मग वर्डमध्ये ‘रिफ्रेश’.

उत्तर २: प्रत्येक नोंदीतले लेखकही मोजा. २० पर्यंत सगळे लिहा. २१ पासून पहिले १९, तीन टिंबं, मग शेवटचा. डीओआयनंतर (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) पूर्णविराम नको.

उत्तर ३: ‘अनलिंक सायटेशन्स’ (वर्डमधल्या संदर्भांचा झोटेरोशी असलेला दुवा तोडणं) करणार असाल तर फाइलच्या प्रतीवर करा. तुटलेले दुवे पुन्हा जुळत नाहीत, आणि परीक्षक दुरुस्त्या सुचवतातच!