साहेबाचा स्वभाव आणि कंपनीचे आकडे: तुमचे अनुभव लिहा

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ साली बंद झाला. गैरहजेरी, भांडणं, खराब गाड्या, सगळं करून झालं होतं. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच पुन्हा सुरू झाला. बहुतेक कामगार जुने, युनियनही तीच, कारभार मात्र टोयोटाचा. काही बिघडलं की कामगाराने दोरी ओढायची, वेळ पडली तर लाइन थांबवायची. गाड्या चांगल्या निघू लागल्या. तुमच्याकडे 'बिघडलंय' म्हणणाऱ्याचं काय होतं? कंपनीचं नाव टाळा, नोकऱ्या सांभाळा!

औषधविक्री, मराठवाडा
आमच्या मॅनेजरसाहेबांचं एकच पालुपद: "क्लोजिंगला आकडा दिसला पाहिजे." मग महिनाअखेरीस आम्ही जालना-परभणीच्या स्टॉकिस्टच्या, म्हणजे घाऊक विक्रेत्यांच्या, हातापाया पडून माल त्यांच्या गळ्यात मारायचो. कंपनीच्या लेखी विक्री झाली, दुकानातून बाटली हलत नव्हती. गोडाऊनमध्ये कफ सिरपच्या पेट्या पार छताला टेकलेल्या. मार्चला आमचा विभाग पहिला, साहेबांना बढती. पुढे मुदत संपत आलेला माल परत यायला लागला आणि त्याच्या क्रेडिट नोटांनी, म्हणजे परतीच्या मालापोटी वळत्या कराव्या लागलेल्या पैशांनी, नव्या साहेबांचं वर्ष खाल्लं.

हे नवे साहेब पहिल्याच मीटिंगला म्हणाले, "कोणाकडे किती पडून आहे, खरं सांगा." कोण तोंड उघडतंय! मग स्वतःच माझ्या बाइकवर मागे बसून पेट्या मोजत फिरले. तोवर माल कोंबणं बंद, त्यामुळे आमचा विभाग तळाला. वरच्यांच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या, आमच्यापर्यंत येऊ दिल्या नाहीत. दुकानात किती गेलं, एवढंच विचारायचे. विक्री हळूहळू वर आली, आणि या वेळी ती खरी होती.

चाकण, क्वालिटी
रात्रपाळीत बोअरमध्ये (पार्टच्या भोकात) नो-गो गेज सरळ आत जायला लागला. तो आत गेला म्हणजे भोक मोठं झालं, पार्ट बाद. ऑपरेटरला दिसत होतं, पण मशीन चालूच. का? लाइन थांबली तर सकाळी प्लांट हेडसमोर उभं राहायचं त्याने; माल नापास झाला तर उभं राहायचं आम्ही. त्याचा हिशोब बरोबरच होता म्हणा. माल ग्राहकाकडे पोचला आणि आमची माणसं तिथे सॉर्टिंग करत बसली. गेटवर बोर्ड आहे: 'गुणवत्ता हेच आमचे ध्येय'.

हिंजवडी, आयटी
बेल कर्व्ह, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात रेटिंग वाटायची पद्धत. टीममधले सगळे चांगले असले तरी कोणाला तरी खाली ढकलायचंच. मायक्रोसॉफ्टने हा प्रकार २०१३ मध्ये बंद केला, आमच्याकडे फक्त नाव बदललं. हुशार मुलं एका टीममध्ये यायलाच तयार नसतात.

फाउंड्री, कोल्हापूर
वर सगळ्यांनी साहेब लोकांना झोडपलंय, म्हणून उलटं सांगतो. आमचे मालक भट्टीसमोर उभं राहून सात पिढ्यांचा उद्धार करतात. तरी कास्टिंगला (ओतलेल्या पार्टला) ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे पडलेली भोकं, दिसले की पोरं पहिला फोन त्यांनाच लावतात. ते येतात, आधी यथेच्छ शिव्या देतात, मग साच्याची मूठभर वाळू दाबून ओल बघतात आणि मिक्सरपाशीच थांबतात. पगार कुणाचा कापत नाहीत. त्याआधी एक मॅनेजर होते, अगदी मऊ बोलायचे, चहा पाजायचे. त्यांना जे सांगावं ते दिवाळीच्या बोनसमधून वजा व्हायचं.