[मंडळ-चर्चा] मुलांच्या क्लबचे लॅपटॉप भारतात पाठवायचे का?

नमस्कार मंडळी,

आपल्या मुलांच्या संगणक क्लबने ऑफिसांतून काढून टाकलेले लॅपटॉप गोळा केलेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून कंपन्या धडाधड मशीन काढतायत. आमच्या गॅरेजमध्ये गाडी लावायला जागा उरलेली नाही. मुलांच्या मनात आहे की हे सगळं गावाकडच्या जिल्हा परिषद शाळांना द्यावं. डिसेंबरात जाणाऱ्यांनी बॅगेत दोन-दोन, तीन-तीन टाकून नेले तर? कोण कोण जातंय ते कळवा.

— बालविभाग, बीव्हर्टन (ओरेगन, अमेरिका)

——

ताई,

पोरांचं कौतुक आहेच, पण बॅगेतून नेण्याला माझा साफ विरोध. भारतात उतरताना अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप करमुक्त नेता येतो, एकच. बाकीच्यांचं कस्टमवाल्याला काय सांगणार, शाळेचे आहेत? आणि वापरलेले संगणक कंटेनरने पाठवायचे म्हटलं तर आयातीला सरकारी परवाना लागतो. आपला कचरा तिकडे जाऊन पडू नये म्हणूनच ते नियम आहेत, आणि मला ते रास्त वाटतात.

समजा पोचले. पुढे? २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या एका एकशिक्षकी शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेतले ते हिरवे-पांढरे ‘शंभर डॉलरचे’ लॅपटॉप दिले होते, आठवतंय? किंमत शंभर कधी झालीच नाही, दोनशेच्या आसपास गेली. पेरू देशाने तर असे लाखो वाटले. २०१२ मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासात काय निघालं? संगणक हाताळणं मुलांना जमू लागलं, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक नाही. यंत्र दिलं की शिक्षण झालं, असं आपल्या इंजिनियर मंडळींना उगाच वाटतं.

पोर्टलंडमध्ये ‘फ्री गीक’ ही जुने संगणक दुरुस्त करून देणारी संस्था २००० पासून आहे. त्यांची मूळ पद्धत मला फार आवडते: २४ तास येऊन काम करा आणि एक संगणक घरी न्या. माणूस मशीन खोलून बसलेला असतो, त्यामुळे घरी बिघडलं तरी घाबरत नाही. आपल्या पोरांनी तिथे जावं. शेतमजुरांची, निर्वासितांची कितीतरी कुटुंबं आपल्याच काउंटीत आहेत, ज्यांची मुलं फोनवर निबंध टाइप करतात. ही मशीन त्यांना द्या.

तोवर गॅरेजमधलं एक काम आजच करा. टचपॅड वर उचलला गेलाय किंवा क्लिक होत नाही असे लॅपटॉप वेगळे काढा. आतली बॅटरी फुगलेली असू शकते. ती चार्जिंगला लावायची नाही, टोचायची नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. आणि ज्यांच्यावर जुन्या कंपनीचं लॉक आहे, ते कंपनीकडूनच सोडवून घ्या. नवीन विंडोज टाकलं तरी इंटरनेट लागताच कंपनीचा लॉगिन मागत बसतं.

— हिल्सबरोचे काका

——

काका,

नियम दाखवून हात झटकणं सोपं असतं हो. मी स्वतः कोकणातल्या एकशिक्षकी शाळेत शिकले. इथल्या मुलांना मदत करायला शहरात माणसं आहेत, आमच्या वाडीत कोण आहे? लॅपटॉप नको तर नको, पण ‘तिकडचं तिकडे’ म्हणून विषय मिटवू नका.

— एक सभासद

——

मिटवत नाही. माझं म्हणणं एवढंच की इथलं सामान इथे वापरा, तिकडचं तिकडे घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुरुस्त केलेला लॅपटॉप मिळतो आणि बिघडला तर दाखवायला दुकानदारही असतो. त्यावर कोलिब्री नावाचं शाळेच्या धड्यांचं सॉफ्टवेअर टाकता येतं. ते इंटरनेटशिवाय चालतं, मराठीतही आहे. एका मशीनमध्ये धडे भरून ठेवायचे आणि वायफायवरून बाकीच्यांनी उघडायचे. लाईट गेली तरी लॅपटॉपची बॅटरी तासिका काढून देते.

पण आधी तुमच्या शाळेच्या गुरुजींना फोन करा. त्यांना काय हवंय? कदाचित प्रोजेक्टर हवा असेल, कदाचित फक्त पंखा. १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढणाऱ्या कलबागांनी मुलांच्या हाताला गावाच्या गरजेचं काम दिलं: पाण्याचा शोध, वायरिंग, वेल्डिंग. तंत्रज्ञान म्हणजे संगणकच, असं त्यांनी कधी धरलं नाही.

— काका

——

खजिनदार मध्ये पडतोय, माफ करा. पैसे पाठवायचे तर मंडळाच्या खात्यातून परस्पर पाठवू नका. आपली संस्था अमेरिकन, त्यामुळे तिकडच्या ट्रस्टकडे एफसीआरए (परकीय देणगीचा कायदा) खाली नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी असल्याशिवाय त्यांना ते घेता येत नाहीत. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिले तर ते परकीय देणगीत धरत नाहीत. ओसीआयवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना, ही सवलत नाही, म्हणजे आपल्यातले निम्मे बाद.

— खजिनदार

——

ठरलं तर. कोकणच्या शाळेला तिथे शिकलेल्या सभासद ताई फोन करतील, काय ते इथेच लिहितील. लॅपटॉपचं काम शनिवारी दुपारी आमच्या गॅरेजमध्ये: आधी डिस्कवरचा जुना डेटा पुसणे, मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकणे. सातवीच्या पुढची मुलं चालतील, बरोबर एक मोठं माणूस हवं. चहा-पोहे आमच्याकडे. घरात पडून असलेले चार्जर आणा, कसलेही. लॅपटॉपचे ढीग आहेत, चार्जरच्या नावाने बोंब आहे.

— बालविभाग