मॉरिशसला कोणी जाऊन आलंय का?

सायली बी-३०४: कोणी मॉरिशसला जाऊन आलंय का? आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत, मे मध्ये नेतोय. एजंटने पाच दिवस रिसॉर्ट आणि एक दिवस बोट असं दिलंय, बरोबर आहे ना?

कुलकर्णी काकू: अगं पाच दिवस रिसॉर्टात करणार काय 😄 पाण्यात पाय सोडून बसायला अलिबाग आहे की. आम्ही पण तसंच बुक केलेलं, तिसऱ्या दिवशी हे वैतागले आणि आम्ही गाडी करून दक्षिणेला गेलो, खरी ट्रिप तिथून सुरू झाली. गंगा तलावला नक्की जा, ज्वालामुखीच्या विवरातलं तळं आहे आणि बाहेर १०८ फुटी शंकर उभा आहे, महाशिवरात्रीला लोक गावागावातून कावड घेऊन चालत येतात तिथे. फक्त प्रसादाची केळी पर्समध्ये ठेवा, माझ्या हातातून माकडाने घडच नेला आणि समोरच बसून खाल्ला मेल्याने

शिंदे (सेक्रेटरी): टँकर ११ वाजता येईल. गेटसमोरच्या गाड्या काढा.

सायली बी-३०४: 😂 आणि ते सात रंगांची माती म्हणतात ते? फोटोत एडिट केल्यासारखं वाटतं

कुलकर्णी काकू: शामारेल. खरंच आहे, पण ऊन असेल तेव्हाच जा. ढग आले की सगळं विटकरी. आणि मातीवर चालू देत नाहीत, लाकडी कठड्यावरून बघायचं. जवळच धबधबा आहे तो पण त्याच तिकिटात झाला आमचा. क्युरपीपला त्रू ओ सेर्फ नावाचं विवर आहे, तिथे आम्हाला धुक्याशिवाय काही दिसलं नाही 🙄

नेने काका: सायली, ती माती म्हणजे आपल्यासारखाच काळा बेसाल्ट दगड कुजून झालेली. पावसाने बाकीचं धुवून नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम उरलं, त्याचे ते रंग. आणि गंमत सांगतो, सह्याद्रीचा लाव्हा ज्या हॉटस्पॉटवरून (पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येतो ती जागा) सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आला असं मानतात, त्याच हॉटस्पॉटवर नंतर मॉरिशस तयार झालं, साधारण ८० लाख वर्षांपूर्वी. आपला भूखंड वर उत्तरेकडे सरकत आला, हॉटस्पॉट खाली तिथेच राहिला. आता तो शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

कुलकर्णी काकू: म्हणूनच! उसाच्या शेतात काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात, अगदी आपल्या घाटातले वाटावेत. ड्रायव्हर म्हणाला आमच्या पणजोबांच्या पिढीने हाताने वेचून रचलेत. पणजोबा रत्नागिरीकडचे. त्याला मराठी बोलता येत नव्हतं, घरी क्रिओल म्हणजे तिथली बोली, पण गणपतीची आरती सगळी म्हणून दाखवली स्टिअरिंगवर ताल धरून. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते माहितीये? मग पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर घेऊन गेला. १८३४ पासून आपल्याकडचे मजूर उतरायचे तिथे, त्यांनी चढलेल्या १६ पायऱ्या अजून आहेत. मी तिथे जरा गप्पच झाले. फुकट आहे, पण रविवारी बंद, ते बघून प्लॅन करा.

राहुल सी-२०२: खायचं काय ते सांगा काकू

कुलकर्णी काकू: ढोलपुरी. रस्त्यावर मिळते, डाळ भरलेली, दिसायला आपली पुरणपोळीच पण गोड नाही, आत रस्सा आणि कोथिंबिरीची चटणी घालून गुंडाळून कागदात देतात. एक मागितली तर जोडीच हातात पडते. रिसॉर्टातल्या बुफेला हात लावला नाही मग.

सायली बी-३०४: काकू ड्रायव्हरचा नंबर द्या ना 🙏 बोट ठेवते, रिसॉर्ट दोन दिवस कमी करते

कुलकर्णी काकू: पर्सनलवर पाठवते

नेने काका: सायली, येताना तिथला एखादा लहान दगड मिळाला तर बघ.

कुलकर्णी काकू: अहो काही नको, एअरपोर्टवर अडकेल पोर. मागच्या पार्किंगमधला उचला, तुम्हीच म्हणालात ना खानदान एकच 😄

शिंदे (सेक्रेटरी): गेटसमोर अजून एमएच-१२ ची पांढरी गाडी आहे. कोणाची?