सही खरी का छापील?

परभणीकर: अमेरिकेतल्या लेकहर्स्टचा टपालाचा शिक्का असलेला 1932 चा लिफाफा घेतलाय. डावीकडं 'अ‍ॅक्रन' ह्या अमेरिकी नौदलाच्या एअरशिपचं (हवेत तरंगणाऱ्या जहाजाचं) निळं चित्र, खाली रोझेन्डाल यांची सही. तीन हजार गेले, घरी तीनशे सांगितलेत. सही खरी का, कसं ओळखायचं?

नांदेडचे काका: आधी भिंग लावा. छापील सहीची शाई सपाट दिसते. हाताच्या सहीत निबाचा दाब कुठं कमी, कुठं जास्त असतो. मग तारखा बघा. रोझेन्डाल जून 1932 पर्यंत 'अ‍ॅक्रन'चे कमांडर होते. पुढच्या तारखेवर सही दिसली म्हणून खोटी ठरत नाही, लोक मागाहूनही घ्यायचे. पण 4 एप्रिल 1933 ला जहाज समुद्रात पडलं, 76 पैकी 73 गेले. त्यात तेव्हाचे कमांडर मॅककॉर्डही होते. त्यांची सही 'मेकन' ह्या दुसऱ्या एअरशिपच्या 1934 च्या लिफाफ्यावर कुणी दाखवली तर पैसे काढू नका!

लातूरची ताई: आणि लॅमिनेशन तर करूच नका, भाऊ. आमच्या ह्यांनी एक केलं होतं, शाई फुटली.

परभणीकर: बघायलो आत्ताच. शेवटच्या अक्षरापाशी निब अडखळलाय, बारका डाग पडलाय. बायको विचारायली, तीनशेच्या कागदाला भिंग कशाला?